चेक अतिवास्तववाद बघायचाय? मग सुरुवात अशी करा

अतिवास्तववाद (सर्रिअलिझम, स्वप्नासारख्या अतार्किक प्रतिमांची कला) म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना चित्रकार दालीची ती वितळणारी घड्याळं आठवतात आणि गाडी तिथेच थांबते. प्रागमध्येही असा एक गट होता, १९३४ साली सुरू झालेला, आणि दोन राजवटींनी गळा आवळूनही त्याचा धागा अजून तुटलेला नाही, हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. मला हे काम गेली कित्येक वर्षं खूप जवळचं वाटत आलंय. पण ज्यांना ज्यांना मी ते बघायला सांगितलं त्यातल्या बऱ्याच जणांनी थेट दोन तासांचा सिनेमा लावला, तोही रात्री जेवल्यावर, आणि अर्ध्या तासात बंद केला. त्यांची चूक नव्हती, सुरुवात कुठून करायची हे मीच नीट सांगितलं नव्हतं. म्हणून आता पायरीपायरीने लिहितेय.

एकच गोष्ट आधी. या मंडळींचं काम बघताना "याचा अर्थ काय" हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा आणि त्याऐवजी "हे हाताला कसं लागेल" असं स्वतःला विचारत बघा. ओलं, खरखरीत, चिकट, थंड, जे वाटेल ते. चेक अतिवास्तववाद डोळ्यांपेक्षा बोटांचा आहे असं माझं ठाम मत आहे, आणि हे एकदा पकडलं की पुढचं सगळं सोपं होतं.

पायरी १: बारा मिनिटं द्या

यान श्वांकमायेर. जन्म १९३४, प्राग. शिक्षण बाहुलीनाट्याचं, त्यामुळे सिनेमात आले तेही कळसूत्री बाहुल्या, मुखवटे, यंत्रं असं सगळं सोबत घेऊनच. त्यांची १९८२ ची एक शॉर्ट फिल्म आहे, चेकमध्ये नाव 'मोझ्नोस्ती दिआलोगू', म्हणजे संवादाच्या शक्यता. जेमतेम बारा मिनिटांची आहे आणि तिच्यात समजावा लागेल असा एकही डायलॉग नाही, त्यामुळे सबटायटल्सची भानगडच नाही. १९८३ मध्ये बर्लिन फिल्म फेस्टिव्हलमध्ये शॉर्ट फिल्मचं गोल्डन बेअर हे बक्षीस तिलाच मिळालं होतं.

तीन भाग आहेत. पहिल्यात डोकी भेटतात, एक भाज्या-फळांचं बनलेलं, एक स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या भांड्याकुंड्यांचं, एक पुस्तकं-कागद-पट्ट्या वगैरेंचं. दोन डोकी समोरासमोर येतात, एक दुसऱ्याला गिळतं, आत भांडी भाज्यांना चेचतात, कापतात, चुरडतात, आणि मग तो सगळा चेंदामेंदा बाहेर ओकला जाऊन त्याचं पुन्हा डोकं बनतं. मग पुढचं डोकं त्याला गिळतं. प्रत्येक फेरीत चुरा आणखी बारीक होत जातो, आणि शेवटी उरतं गुळगुळीत मातीचं माणसाचं डोकं, जे आपल्यासारखंच दुसरं डोकं ओकत राहतं, सगळी एकसारखी. एवढं गिळून, चावून, वाद घालून शेवटी सगळे सारखेच.

दुसऱ्या भागात एक मातीचा पुरुष आणि एक मातीची बाई टेबलाशी बसलेत. ते एकमेकांना स्पर्श करतात आणि माती मातीत मिसळून जाते, कुणाचा हात कुठला ते कळेनासं होतं, इतकं हळुवार काम आहे ते. मग दोघं पुन्हा वेगळे होतात तेव्हा टेबलावर मातीचा एक छोटासा गोळा उरतो. तो गोळा कुणालाच नकोय. तो बिचारा सरकत सरकत एकाजवळ जातो, तो ढकलून देतो, दुसरीकडे जातो, ती ढकलून देते, मग तोच गोळा एकमेकांच्या तोंडावर फेकला जातो आणि मघाशी ज्या हातांनी कुरवाळलं त्याच हातांनी ते एकमेकांचे चेहरे ओरबाडतात. मी हा भाग कितीदा बघितला असेल, त्या गोळ्याच्या सरकण्यापाशी दरवेळी पोटात तुटतं.

तिसरा भाग तुमचा तुम्हीच बघा. टूथब्रश, टूथपेस्ट, बूट, बुटाची नाडी, पाव, लोणी, पेन्सिल आणि शार्पनर एवढ्या वस्तू आहेत, आधी जोड्या बरोबर जुळतात, नंतर चुकायला लागतात.

ही फिल्म कम्युनिस्ट पक्षाच्या विचारधारा समितीला दाखवली गेली होती, असं काही चालू द्यायचं नाही याचा नमुना म्हणून. संवाद कसा फसतो हे इतक्या स्पष्टपणे दाखवलेलं सत्तेला झोंबणारच.

पायरी २: तीच फिल्म पुन्हा, कानाला हेडफोन लावून

ही पायरी गाळू नका. श्वांकमायेर यांच्या फिल्ममध्ये अर्धं काम आवाज करतो. करकर, कचकच, ओलसर पचपच, लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज, सगळं अगदी कानाशी आणून ठेवलेलं असतं. फोनच्या स्पीकरवर हे जातंच. आणि कॅमेरा इतका जवळ जातो की मातीवर उमटलेले बोटांचे ठसे दिसतात, ते मुद्दाम पुसलेले नाहीत. त्यामुळे नेटवर मिळणारी धुरकट कॉपी बघून मत बनवू नका, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने त्यांच्या सगळ्या शॉर्ट फिल्म्सचा डीव्हीडी संच काढला होता तो कुणाकडे किंवा एखाद्या फिल्म सोसायटीत मिळाला तर सोडू नका.

ही फिल्म आवडली तर लगेच आणखी दोन बघा. 'बिट' म्हणजे फ्लॅट, १९६८ ची. एक माणूस एका खोलीत अडकलाय आणि खोलीतली प्रत्येक वस्तू त्याच्याविरुद्ध उठलीय, सूप प्यायला चमचा घ्यावा तर त्याला भोकं, अंडं फोडायला जावं तर ते फुटतच नाही. शेवटी दार फोडून बघतो तर मागे भिंत, आणि भिंतीवर त्याच्याआधी अडकलेल्यांची नावं. आणि दुसरी 'झाहराडा', म्हणजे बाग, तीही १९६८ चीच. एक गृहस्थ मित्राला आपलं घर दाखवायला नेतो, घराभोवती कुंपण आहे, आणि ते कुंपण जिवंत माणसांचं आहे, हात धरून उभ्या असलेल्या. कुणीही त्याबद्दल आश्चर्य दाखवत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसले होते हे लक्षात ठेवून बघितलंत तर अंगावर येईल, नाही ठेवलंत तरी येईल.

पायरी ३: नावं आणि शोधायची पद्धत

चेक अक्षरांवर उलट्या टोप्या आणि काने असतात, सर्च करताना ते टाकले नाहीत तरी चालतं. पण फिल्मचं नाव इंग्रजीसोबत चेकमध्येही टाकून बघा, निकाल वेगळे येतात. उच्चार साधारण असे: तोयेन, श्तिरस्की, तायगे, नेझ्वल, हाइस्लर, मेद्कोवा. बाईच्या आडनावाला शेवटी 'ओवा' लागतं, म्हणून चित्रकार मेदेक यांची बायको मेद्कोवा. एवढं पुरे. आणि हो, काफ्काला यात ओढू नका. तो प्रागचाच, वाचलाच पाहिजे असा, पण १९२४ मध्ये गेला, या गटाशी त्याचा संबंध नाही.

पायरी ४: मागची गोष्ट थोडक्यात

१९२० मध्ये प्रागला 'देव्येत्सिल' नावाचा तरुण कलाकारांचा गट निघाला, त्याचा मेंदू म्हणजे कारेल तायगे. त्यातूनच पुढे कवी वितेझ्स्लाव्ह नेझ्वल यांनी मार्च १९३४ मध्ये अतिवास्तववादी गट स्थापन केला. चित्रकार तोयेन आणि यिंद्रिख श्तिरस्की त्यात होते, संगीतकार यारोस्लाव्ह येझेक होता, नाटकवाले होते, तायगे थोडे मागाहून आले. १९३५ मध्ये फ्रेंच अतिवास्तववादी कवी आंद्रे ब्रेतों आणि पॉल एल्युआर पॅरिसहून प्रागला आले, ब्रेतों तर या शहरावर फिदाच झाला.

मग सगळं बिघडत गेलं. स्टालिनने विरोधकांवर मॉस्कोत चालवलेल्या खटल्यांवरून, स्टालिनच्या बाजूने उभं राहायचं की नाही यावरून भांडणं झाली आणि १९३८ मध्ये नेझ्वल यांनी गट बरखास्त केल्याचं परस्पर जाहीर करून टाकलं, बाकीच्यांनी ते मानलं नाही. १९३९ मध्ये नाझी आले. ही सगळी कला त्यांच्या लेखी विकृत, त्यामुळे प्रदर्शन बंद, छापणं बंद. नाझी गेले आणि १९४८ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले, त्यांनाही हे नको होतं. आयुष्यभर डाव्या विचारांसाठी लिहिणाऱ्या तायगेंवरच वर्तमानपत्रांतून हल्ले झाले आणि १९५१ मध्ये पन्नाशीतच ते हार्ट अटॅकने गेले.

पुढे व्रातिस्लाव्ह एफेनबर्गर यांनी गट सांभाळला, बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरातच, टाइप केलेल्या प्रती हातोहात फिरवत. १९६९ मध्ये 'अनालोगोन' नावाचं मासिक काढलं, एक अंक निघाला आणि बंद पाडलं गेलं. दुसरा अंक आला १९९० मध्ये. एकवीस वर्षं थांबून दुसरा अंक काढणाऱ्या लोकांबद्दल मला किती आदर वाटतो ते शब्दांत सांगणं अवघड आहे.

पायरी ५: तोयेन, सावकाश

तोयेन हे घेतलेलं नाव. जन्माचं नाव मारी चेर्मिनोवा, जन्म १९०२. 'सितोयेन' म्हणजे नागरिक या फ्रेंच शब्दावरून ते नाव आलं असं सांगतात. चेकमध्ये आपल्यासारखंच क्रियापदाला लिंग असतं, आणि तोयेन स्वतःबद्दल बोलताना पुल्लिंगी रूप वापरायचे. अगदी साधं, रोजच्या बोलण्यातलं "मी गेलो, मी आलो". मराठी माणसाला यातलं धाडस चटकन कळतं, इंग्रजीत वाचणाऱ्याला ते समजावून सांगावं लागतं.

१९३७ चं 'स्पीत्सी' नावाचं चित्र शोधा, झोपलेली असा अर्थ. उजाड माळ, आपल्याकडे पाठ करून उभी असलेली एक लहान मुलगी, हातात फुलपाखरं पकडायची जाळी. थोडं थांबून बघितलं की लक्षात येतं, मुलगी नाहीच. नुसता पोकळ झगा उभा आहे, मागून फाटलेला, आत काही नाही. चित्र मोठं करून त्या कापडाच्या कडा बघा, झाडाच्या सालीसारख्या चिरल्यात.

मग युद्धातली रेखाचित्रं. 'स्त्रेल्नित्से' म्हणजे जत्रेतला नेमबाजीचा स्टॉल, १९३९-४० मधली मालिका. लहान मुलांची मोडकी खेळणी, पक्षी, शाळेतल्या वस्तू, सगळं एका रिकाम्या माळावर पसरलेलं, एक थेंब रक्त नाही, सैनिक नाही. काळी बारीक रेघ फक्त. युद्धाच्या काळात तोयेन यांनी यिंद्रिख हाइस्लर या ज्यू कवीला आपल्या प्रागमधल्या घरात लपवून ठेवलं होतं, पकडले गेले असते तर दोघांचाही जीव गेला असता. दोघं १९४७ मध्ये पॅरिसला गेले, हाइस्लर १९५३ मध्ये वारले, तोयेन १९८० मध्ये तिथेच.

श्तिरस्की १९४२ मध्येच गेले. त्यांची चित्रं बघाच पण त्याहून आधी १९३४ चे फोटो बघा. शोकेसमधले पुतळे, जत्रेतले रंगवलेले पडदे, शवपेट्यांच्या दुकानाची काच, सगळं रस्त्यावर जसं दिसलं तसं टिपलेलं, काहीही हलवलेलं नाही. त्यांचं काही काम उघड कामुक आहे, घरात लहान मुलं असतील तर पुस्तक टेबलावर तसंच सोडू नका.

पायरी ६: कात्री घ्या

आता थोडं स्वतः करायचं. तायगे यांनी १९३५ पासून मरेपर्यंत साडेतीनशेहून जास्त कोलाज केले, आणि हयातीत त्यांचं प्रदर्शन मांडलं नाही, मित्रांसाठी आणि स्वतःसाठीच करत राहिले. मासिकांतली चित्रं कापायची, बाईचा देह, इमारतीचा जिना, समुद्रकिनारा, यंत्र, आणि एकमेकांत बसवायची.

दोन जुनी रंगीत मासिकं किंवा दिवाळी अंक घ्या, जाहिराती असलेले चांगले. अट एकच, आधी कल्पना ठरवायची नाही. वीसेक आकार कापा, जमिनीवर पसरा, सरकवत राहा, दोन तुकडे एकमेकांना "चिकटले" असं वाटलं की तिथे डिंक लावा. तायगेंच्या कोलाजमध्ये बघा, कापलेली कड कशी स्वच्छ असते आणि दोन चित्रांतला उजेड कसा एकाच बाजूने येतो, त्यामुळे अशक्य गोष्टही शक्य दिसते. हे करून बघितल्याशिवाय कळत नाही, मला तरी नव्हतं कळलं.

पायरी ७: पिशवीतला खेळ

१९७० मध्ये श्वांकमायेर आणि त्यांच्या पत्नी एवा श्वांकमायेरोवा गटात आले. काही वर्षांत त्यांच्या फिल्म्सवरून वाद झाला आणि १९७३ नंतर काही वर्षं त्यांना फिल्म करू दिल्या गेल्या नाहीत. 'ओत्रांतोचा किल्ला' ही फिल्म १९७३ ला सुरू झाली ती १९७९ ला पुरी झाली. मधल्या काळात कॅमेरा नाही, मग त्यांनी स्पर्शाचे प्रयोग सुरू केले. न बघता नुसतं हाताळायच्या वस्तू बनवायच्या, गटातल्या मित्रांना कापडाखाली हात घालायला सांगायचं आणि काय आठवलं ते लिहून घ्यायचं. यावर त्यांनी 'स्पर्श आणि कल्पनाशक्ती' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक केलं, १९८३ मध्ये, गुपचूप, फक्त पाच प्रती.

घरी करायला सोपं आहे. कापडी पिशवीत काथ्याचा तुकडा, मूठभर चिंचोके, जुनी किल्ली, लोकर, खिसणी (धार नसलेली, जपून), उकडून गार केलेला बटाटा असं काहीबाही बांधून एकत्र करा आणि दुसऱ्याला डोळे मिटून हात घालायला सांगा. ओळखायचं नाही, हे महत्त्वाचं. "ही किल्ली आहे" हे उत्तर नकोय, "आजोळचं कपाट" हे उत्तर हवंय. हा खेळ खेळून झाला की पायरी १ वाली फिल्म तिसऱ्यांदा बघा. वस्तूंना हात लावणाऱ्या माणसांच्या भावना त्या वस्तूत साठून राहतात अशी श्वांकमायेर यांची पक्की धारणा आहे, म्हणून त्यांना नव्याकोऱ्या वस्तू चालत नाहीत, जुन्या, वापरलेल्या, अडगळीतल्याच लागतात.

पायरी ८: आता मोठे सिनेमे

आधी १९८३ ची 'दो पिव्नित्से' ही शॉर्ट फिल्म. एका मुलीला बटाटे आणायला तळघरात पाठवतात. एवढीच गोष्ट. अंधारात खाली जायची भीती लहानपणी ज्याला वाटली असेल त्याला हिची ओळख करून द्यावी लागत नाही.

मग 'न्येत्सो झ आलेन्की', १९८८, ॲलिसची गोष्ट त्यांच्या पद्धतीने. ससा आहे तो पेंढा भरलेला, काचेच्या पेटीतला. तो खिळे उपटून उठतो, पोट उसवलेलं आहे, त्यातून भुसा गळतोय, आणि त्याच भुशात हात घालून तो घड्याळ बाहेर काढतो आणि भुसा झटकून बघतो. अळी म्हणजे एक मोजा, त्याला काचेचे डोळे आणि कवळी. झोपायची वेळ झाली की तो मोजा सुई-दोऱ्याने स्वतःचे डोळे शिवून घेतो. लहान मुलांना दाखवण्याआधी एकदा एकट्याने बघा, काही मुलांना प्रचंड आवडते, काही रात्रभर झोपत नाहीत.

त्यानंतर 'ओतेसानेक', २०००. मूल होत नसलेलं जोडपं, नवरा झाडाचं मूळ तासून बाळासारखं करून आणतो, बायको त्याला खरंच बाळ मानते आणि ते मूळ जिवंत होऊन भुकेलं होतं. ही चेक लोककथा आहे, सिनेमातलं चित्रांचं पुस्तक एवा यांनी रंगवलंय. त्या २००५ मध्ये गेल्या. नेहमी "यान यांची पत्नी" एवढ्यावरच त्यांना संपवतात ते मला अजिबात पटत नाही, त्यांची चित्रं आणि सिरॅमिक्स वेगळी शोधून बघा.

'फाउस्ट' (१९९४) आणि 'स्पिक्लेन्त्सी स्लास्ती' (१९९६) नंतरसाठी ठेवा. दुसरा पूर्ण प्रौढांसाठी आहे. नेझ्वल यांच्या कादंबरीवरचा यारोमिल यिरेश यांचा 'व्हॅलेरी', १९७०, मध्ये कधीही बघा, दिसायला अतिशय सुंदर. पण यिरेश गटातले नव्हते, ते चेक न्यू वेव्हवाले, म्हणजे साठच्या दशकातल्या चेक नव्या सिनेमाच्या लाटेतले. हा फरक नेटवर सर्रास विसरला जातो.

पायरी ९: भिंती

एमिला मेद्कोवा, १९२८ ते १९८५. फोटोग्राफर. पोपडे आलेल्या भिंती, कुलपं, बुजवलेल्या खिडक्या, गटारांची झाकणं, आणि त्यात दिसणारे चेहरे. फोटोवर कसलीही करामत नाही. हिचे फोटो शेवटी बघा, कारण ते बघितल्यावर बाहेर पडलं की जुन्या वाड्याची ओल आलेली भिंत आधीसारखी दिसत नाही.

प्रागला गेलातच तर

होलेशोविट्समधल्या वेलेत्र्झ्नी पॅलेसमध्ये नॅशनल गॅलरीचा आधुनिक संग्रह आहे, तिथे आधी जा. कुठली चित्रं सध्या लावलीत ते निघण्याआधी साइटवर बघून घ्या. ह्राडचानी या किल्ल्याच्या भागामागच्या नोव्ही स्व्येत या शांत गल्लीत श्वांकमायेर यांच्याशी जोडलेली गाम्ब्रा ही छोटी गॅलरी आहे, तिच्याही वेळा आधी बघा.

आणि एक दिवस कुत्ना होराला. प्रागहून ट्रेनने साधारण तासाभरावर आहे. तिथे सेद्लेत्सला चर्चखाली हजारो माणसांची हाडं रचून ठेवलीत, १८७० मध्ये फ्रांतिशेक रिंट नावाच्या सुताराने त्यांचं झुंबर केलं, श्वार्झेनबर्ग या सरदार घराण्याचं चिन्ह केलं, स्वतःची सहीसुद्धा हाडांनीच केली. श्वांकमायेर यांनी १९७० मध्ये यावर 'कोस्त्नित्से' नावाची छोटी फिल्म केली. तिच्या दोन आवृत्त्या आहेत. एकीत जॅझ आहे, ती नंतर बसवलेली, कारण मूळ आवाज वरच्यांना चालला नाही. मूळ आवृत्तीत तिथल्या गाइड बाईंचा आवाज आहे, शाळेच्या सहलीतल्या मुलांना रोजच्या सवयीने माहिती सांगणारा, आणि मधूनच हाडांना हात लावाल, त्यांवर नावं लिहाल तर दंड होईल अशी ताकीद देणारा. तीच शोधा, आणि ट्रेनमध्ये जाताना नको, परतताना बघा.